भरपाईचे मोजमाप

अतिदक्षता विभागातल्या यंत्रातून एबीजीची, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीची, चिठ्ठी बाहेर आली की रेसिडेंट डॉक्टरांची नजर सर्वांत आधी रक्त किती आम्ल आहे हे सांगणाऱ्या सामूवर, म्हणजे पीएचवर, जाते. तो ७.३५ ते ७.४५ यांच्या आत असला की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, चिठ्ठी फाइलला टाचली जाते आणि मंडळी पुढच्या खाटेकडे वळतात. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात वैद्यकशास्त्र शिकवताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, आणि माझे भांडण नेमके त्या उतरलेल्या ताणाशी आहे. सामू म्हणजे एक वजाबाकी असते. रोगाने रक्ताला एका बाजूला किती ओढले आणि शरीराने त्याला दुसऱ्या बाजूला किती खेचून आणले, यांतून उरलेली ती शिल्लक आहे. १०० मधून ९८ गेले तरी २ उरतात आणि ४ मधून २ गेले तरी २ च उरतात. मात्र पहिल्या रुग्णाची रात्र आणि दुसऱ्याची रात्र यांत फार मोठे अंतर असते. चिठ्ठी वाचायची ती वजाबाकीचे उत्तर पाहण्यासाठी नाही, तर मूळचे दोन आकडे शोधण्यासाठी.

ज्या वस्तूसाठी एवढी राखण चालते ती किती अल्प आहे, हे पाहिले की मला आजही नवल वाटते. एक लिटर रक्तद्रवात सोडियम सुमारे १४० मिलिमोल असते, तर रक्ताला आम्ल करणारे हायड्रोजन आयन अवघे ४० नॅनोमोल (नॅनोमोल म्हणजे मिलिमोलचा दहा लाखावा भाग). म्हणजे सोडियम त्याच्या ३५ लाख पट. तरीही सोडियम पाच-सात मिलिमोलने इकडेतिकडे झाले तर आपण सकाळच्या राउंडपर्यंत थांबू शकतो, पण हायड्रोजन ४० चा १०० झाला की हृदयाच्या स्नायूंचे बळ ओसरते, रक्तदाब वाढवणारी औषधे नीट लागू पडेनाशी होतात आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागतो. प्रथिनांची घडी या आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि शरीराचे बहुतेक काम प्रथिनेच करतात. सामू ही कल्पना सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, एका बिअर कारखान्याच्या आश्रयाने चाललेल्या संशोधनातून मांडली. ती सोयीची आहे, पण रुग्णाच्या खाटेपाशी फसवीही आहे, कारण ७.४० चा ७.१० झाला तर डोळ्यांना तो किरकोळ फरक वाटतो आणि प्रत्यक्षात हायड्रोजन दुप्पट झालेला असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नॅनोमोलमध्ये विचार करायला लावते. त्यांना ते जुनाट वाटते, याची मला कल्पना आहे.

नॅनोमोलचा दुसरा फायदा असा की त्यामुळे लॉगरिथमची कटकट जाते आणि हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दाखवलेला संबंध साध्या गुणाकार-भागाकारात मांडता येतो. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) २४ ने गुणावे, बायकार्बोनेटने, म्हणजे आम्ल शोषून घेणाऱ्या रक्तातल्या क्षाराने, भागावे, की हायड्रोजन मिळतो. निरोगी माणसात दाब ४० आणि बायकार्बोनेट २४, म्हणून हायड्रोजन ४०. अंशस्थानी असलेला वायू फुप्फुसांच्या ताब्यात आहे, छेदस्थानी असलेले बायकार्बोनेट मूत्रपिंडांच्या. फुप्फुसे दिवसाला १५,००० मिलिमोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मूत्रपिंडांच्या वाट्याला येणारे आम्ल शरीराच्या वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिमोल, पण ते श्वासावाटे कधीच जाऊ शकत नाही. एकाने अंश बिघडवला तर दुसरा छेद त्याच दिशेने सरकवतो, जेणेकरून गुणोत्तर फार ढळू नये. फुप्फुसांची ही भरपाई काही मिनिटांत सुरू होते आणि दिवसभरात पूर्णत्वाला जाते. मूत्रपिंडांना मात्र तीन ते पाच दिवस लागतात. वेगांतला हा फरक नीट वापरला तर आजार किती जुना आहे, हे रुग्णाने न सांगताही कळते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भरपाई कधीही मर्यादेपलीकडे जात नाही. आम्ल वाढले म्हणून श्वास वाढला, तर तो सामूला ७.४० च्या दिशेने आणतो, पण ओलांडून पलीकडे नेत नाही, आणि बहुतेक वेळा ७.४० पर्यंत पोहोचूही देत नाही. त्यामुळे सामू अगदी मधोमध दिसला आणि बाकीचे दोन्ही आकडे जागेवरून हललेले असले, तर शरीराने बाजी मारली असे समजण्याऐवजी दुसरा आजार कुठे लपला आहे ते शोधावे.

एका पावसाळ्यात आमच्याकडे कुर्ल्याहून एक शाळकरी मुलगी दाखल झाली. लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिन चालू. पण दोन दिवस उलट्या होत होत्या, पोटात अन्न ठरत नव्हते आणि जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला, म्हणून घरच्यांनी ते थांबवले होते. हा तर्क आम्ही इतक्या घरांतून ऐकला आहे की त्यासाठी कुणाला रागावण्यात अर्थ नाही. मुलगी खोल, मोठे आणि न थांबणारे श्वास घेत होती. आडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेही बेशुद्धीतल्या रुग्णांच्या अशा श्वसनाचे वर्णन १८७४ मध्ये केले, तेव्हा रक्तातले वायू मोजण्याचे साधन रुग्णाच्या उशाशी नव्हते. त्यांनी केवळ पाहून ओळखले की हवेचा मार्ग मोकळा असूनही इतकी धाप लागते, त्याअर्थी कारण छातीच्या बाहेर आहे. तिच्या चिठ्ठीवर सामू ७.१७, कार्बन डायऑक्साइड १७ आणि बायकार्बोनेट ६ होते. सोडियम १३२ आणि क्लोराइड ९६. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की उरणारा ॲनायन गॅप ३० येतो, जो एरवी ८ ते १२ असतो. रक्तात कीटोन आम्ले साचली होती, हे त्या तीस आकड्याने सांगितले.

यानंतर मी रेसिडेंटला एकच प्रश्न विचारते: हिचा कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा? चिठ्ठीवर १७ च्या पुढे खाली जाणारा बाण छापलेला होता, कारण यंत्राला ३५ ते ४५ एवढेच ठाऊक आहे. पण चयापचयातून आम्ल वाढलेल्या माणसासाठी अपेक्षा वेगळी असते. बायकार्बोनेटची दीडपट करून त्यात ८ मिळवावे, दोन इकडे दोन तिकडे सोडावे. विंटर्स यांच्या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये रुग्णांच्या मोजमापांवरून काढले. सहाचे दीडपट नऊ, अधिक आठ, म्हणजे सतरा. मुलीची फुप्फुसे जेवढे करायला हवे तेवढे तंतोतंत करत होती. बाण खरा होता आणि तरीही दुरुस्त करण्यासारखे तिथे काही नव्हते.

सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियम, सगळे सुरू झाले. पहाटेच्या सुमारास श्वासांची गती छत्तिसावरून चोविसावर आली. आई पलंगाशी बसून होती; तिने आम्हाला सांगितले, "आता जरा शांत पडली आहे हो मॅडम, श्वासही कमी झाला." तिचे म्हणणे कुणालाही पटले असते. पाळीवरच्या सिस्टरना ते पटले नाही, कारण त्यांनी गती मोजताना छातीची उचल पाहिली होती आणि ती उथळ होत चालली होती. पुन्हा गॅस, म्हणजे एबीजीचा नमुना, पाठवला. बायकार्बोनेट ६ वरच, कार्बन डायऑक्साइड २४, सामू ७.०२. आकडा सतरावरून चोवीस झाला, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या जवळ आला. एखाद्याला ती सुधारणा वाटली असती. पण बायकार्बोनेट जागेवरून हललेले नसताना श्वास मंदावतो, त्याचा अर्थ गरज संपली असा होत नाही, बळ संपले असा होतो. पोटॅशियम २.९ निघाले. इन्सुलिनमुळे ते पेशींत शिरले होते आणि श्वसनाचे स्नायू दुबळे पडत होते. इन्सुलिन तात्पुरते थांबवून आधी पोटॅशियम भरून काढावे लागले.

त्या रात्रीचा कळीचा वाद व्हेंटिलेटरचा होता. मुलगी थकते आहे, तर नळी घालून यंत्रावर ठेवू या, असे एकाने सुचवले. सूचना गैर नव्हती. पण मी त्याला गणित करायला सांगितले. नळी घालताना भूल दिली की तिचा स्वतःचा श्वास थांबणार. यंत्रावर नेहमीची गती लावली आणि कार्बन डायऑक्साइड सुरेख ४० वर आणला, तर ४० गुणिले २४ भागिले ६, हायड्रोजन १६०, सामू ६.८०. जगण्याच्या मर्यादेचे टोक म्हणून पाठ्यपुस्तके जो आकडा देतात, तो हाच. चिठ्ठीवरचा एक बाण नाहीसा करण्याच्या नादात हृदय थांबवण्याचा तो मार्ग ठरला असता. अशा रुग्णाला नळी घालणे अटळ झालेच, तर ती ज्या गतीने श्वास घेत होती तीच गती यंत्राला द्यावी लागते आणि कार्बन डायऑक्साइड तिने ठेवला होता तिथेच ठेवावा लागतो. आम्ही यंत्र उशाशी आणून ठेवले. पोटॅशियम चढत गेले तसा श्वास पुन्हा खोल झाला आणि दुपारी बायकार्बोनेट दोन अंकी झाले.

दम्याच्या झटक्यातही हेच घडते, फक्त दुसऱ्या बाजूने. झटक्याच्या सुरुवातीला रुग्ण भराभर श्वास घेतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड तीसच्या आसपास उतरतो. तास-दोन तासांनी छाती दमत गेली की तो ४० वर येतो आणि चिठ्ठीवरचे सगळे बाण गायब होतात. वॉर्डातल्या चाळीस चिठ्ठ्यांमधून सर्वांत भीतिदायक चिठ्ठी निवडायला मला कुणी सांगितले, तर मी ही निवडीन.

मुलीच्या नातेवाइकांपैकी एका काकांना "रक्तात ॲसिड वाढले आहे" एवढेच समजले होते. त्यांनी गंभीरपणे विचारले, "मग सोडा दिला तर नाही का चालणार?" शिकाऊ डॉक्टरांना हसू आले, मला आले नाही, कारण वैद्यकशास्त्र हाच प्रश्न अनेक दशके विचारत आले आहे. बायकार्बोनेटचे इंजेक्शन म्हणजे सोडाच. तो रक्तात गेला की हायड्रोजनशी मिळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो बाहेर टाकण्याचे काम पुन्हा त्याच दमलेल्या छातीवर पडते. शिवाय कीटोन आम्लांचा मूळ पुरवठा इन्सुलिननेच थांबतो. इन्सुलिन मिळाल्यावर साचलेल्या कीटोनपासून शरीर स्वतःच बायकार्बोनेट परत तयार करते. त्यामुळे मधुमेहातल्या या अवस्थेत सामू ७ च्या खाली गेल्याशिवाय सोडा देण्याचा विचार सहसा होत नाही. जुलाबांत मात्र काकांचा तर्क बराचसा बरोबर ठरतो, कारण तिथे बायकार्बोनेट आतड्यावाटे खरोखरच वाहून गेलेले असते. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातून पाणी आणि क्षार दोन्ही कमी झालेले असतात, हे ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्येच दाखवले होते. पावसाळ्यात आमच्या वॉर्डात जुलाबांचे जे रुग्ण भरतात, त्यांचा ॲनायन गॅप सामान्य असतो आणि क्लोराइड वाढलेले असते. त्यांना लिटरमागे १५४ मिलिमोल क्लोराइड असलेले साधे सलाइन बाटलीमागून बाटली देत राहिले, तर आम्लता आपणच लांबवतो. रिंगर लॅक्टेट याच कारणाने बरे पडते.

भरपाई आणि आजार यांत गल्लत झाली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कोपनहेगनचे आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली. संसर्गजन्य रोगांच्या ब्लेग्डाम रुग्णालयात रोज डझनांनी रुग्ण येत होते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी होती काय, तर पेटीसारखे एक मोठे यंत्र आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रे. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर उपचार झाले. त्यांतले २७ दगावले. मुख्य वैद्य हेन्री लासेन यांच्यापुढे एक कोडे होते. या रुग्णांच्या रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजला तर तो फार वाढलेला निघे. या मोजणीतला बहुतांश भाग बायकार्बोनेटचा असतो. बायकार्बोनेट वाढले म्हणजे रक्त अल्कधर्मी झाले, अशी तर्काला धरूनच समजूत झाली. पोलिओमुळे काही अज्ञात प्रकारचा अल्कलोसिस होत असावा, असे मानले गेले.

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी तोच आकडा वेगळ्या अर्थाने वाचला. शस्त्रक्रियागृहात श्वास अपुरा पडला की काय होते, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. त्यांचे म्हणणे असे की हे रुग्ण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत, आणि वाढलेले बायकार्बोनेट हा रोग नसून त्या साचलेल्या वायूचाच परिणाम आहे. सामू मोजा, तो आम्ल निघेल. तो आम्ल निघाला. आज कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या अतिदक्षता विभागात पाच मिनिटांत मिळणारा हा आकडा, तेव्हा मुद्दाम मागवावा लागला. २७ ऑगस्टला मरणाच्या दारात असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती जगली.

यंत्रे नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, दिवसरात्र पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे होते, ते निम्म्याच्याही खाली आले. पॉल आस्त्रुप यांच्या प्रयोगशाळेत रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब काढण्याची वापरायला सोपी पद्धत याच निकडीतून पुढे आकाराला आली. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म इथला मानतात, ते योग्यच आहे. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लासेन यांच्याकडे आकडा होता आणि इब्सेन यांच्याकडेही तोच आकडा होता. एकाने मूत्रपिंडांचे काम रोग म्हणून वाचले, दुसऱ्याने ते उत्तर मानून मागचा प्रश्न शोधला. आणि लासेन यांना कमी लेखण्याचा मोह मला होत नाही, कारण बाहेरचा माणूस बोलावण्याचे आणि त्याचे ऐकण्याचे धैर्य त्यांनीच दाखवले.

लालबाग-परळच्या पट्ट्यातून आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत अजूनही काही जुने गिरणी कामगार असतात. ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करण्याच्या खात्यात, कापसाची धूळ छातीत घेतलेली, वर बिडी. त्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर टाकत नाहीत. अशा एका काकांचा चांगल्या दिवसातला आकडा कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३२, सामू ७.३५ असा होता. साठ हा आकडा नव्या रेसिडेंटला धक्का देतो, पण ते ओपीडीत चालत येऊन रांगेत उभे राहत, औषधांवरून फार्मासिस्टशी हुज्जत घालत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी घरांत बाईने डबे करून संसार तोलून धरला; चूल पेटलेली दिसत होती, म्हणून त्या घरात सगळे आलबेल होते असे कुणी म्हणणार नाही, आणि म्हणून कुणी ती चूल विझवायलाही जाणार नाही. काकांच्या मूत्रपिंडांनी तेच केले होते. दर १० मिलिमीटर वाढीमागे साधारण चार मिलिमोल बायकार्बोनेट राखून त्यांनी जगण्यापुरते गुणोत्तर सांभाळले होते. हीच वाढ तासाभरात झाली असती तर दर १० मागे जेमतेम एक मिलिमोल वाढले असते.

पावसाळी हवेत छाती भरून ते तातडीच्या विभागात आले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड ८०, बायकार्बोनेट ३४ आणि सामू ७.२५ होता. ऐंशीचा आकडा एकदम उद्भवला असता तर बायकार्बोनेट २८ च्या पुढे गेले नसते आणि सामू ७.१६ झाला असता. जुन्या आजारावर नवा आजार चढला आहे, हे त्या सहा मिलिमोलच्या फरकाने सांगितले. खात्री करून घ्यायला त्यांची पिशवी होतीच. आमचे रुग्ण आपले सगळे वैद्यकीय आयुष्य साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घेऊन येतात, आणि मी विद्यार्थ्यांना ती पिशवी रिकामी करून पाहायला सांगते. सहा महिन्यांपूर्वीच्या साध्या इलेक्ट्रोलाइटच्या रिपोर्टात ३२ बायकार्बोनेट सापडले, की अर्धे निदान हाती आले.

बायपॅपचा, म्हणजे नळी न घालता दाबाने श्वास देणाऱ्या यंत्राचा, मास्क लावल्यावर पुन्हा तोच मोह समोर उभा राहतो. कार्बन डायऑक्साइड ४० वर आणता येईल, यंत्रात तेवढी ताकद असते. पण बायकार्बोनेट ३२ च्या आसपासच राहणार, कारण मूत्रपिंडांना दिवस लागतात. मग हायड्रोजन ३०, सामू ७.५२. अशा अल्कलोसिसमध्ये श्वासाची ओढ मंदावते, पोटॅशियम उतरते, हृदयाची लय चुकू शकते, कुणाला झटकेही येतात. तीन-चार दिवस ४० वर ठेवून मूत्रपिंडांनी ते जादा बायकार्बोनेट टाकून दिले, तर आणखीच पंचाईत: मास्क काढल्यावर काका पुन्हा आपल्या साठावर जातात, आणि आता त्यांच्याजवळ साठ पेलण्याचे साधन उरलेले नसते. म्हणून त्यांचे लक्ष्य ६० हेच. प्राणवायूही संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच. नातेवाइकांना हे पटवणे जड जाते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९९ दिसावे, अशी आता घराघरांत अपेक्षा आहे.

तिन्ही आकडे जागेवर असूनही दोन आजार असू शकतात, हे शिकवायला मूत्रपिंडे निकामी झालेला आणि चार दिवस उलट्या करणारा रुग्ण उत्तम. सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४. यंत्राच्या दृष्टीने हा माणूस सुदृढ आहे. पण सोडियम १४० आणि क्लोराइड ८८ असेल तर ॲनायन गॅप २८ होतो. म्हणजे साचलेल्या आम्लांनी बायकार्बोनेट खाली ओढले आणि उलट्यांतून गेलेल्या पोटातल्या आम्लाने ते तितकेच वर चढवले. इथे भरपाई अशी झालेलीच नाही, दोन रोगांनी एकमेकांचे पाय ओढले आहेत. गॅप न काढता एबीजी वाचणे मला म्हणूनच अर्धवट वाटते, आणि गॅप काढताना अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, न पाहणे तर आमच्यासारख्या वॉर्डात अक्षम्य. क्षयाने किंवा उपासमारीने अल्ब्युमिन ४ चे २ झालेले रुग्ण आमच्याकडे रोज असतात. अल्ब्युमिन १ ग्रॅमने उतरले की गॅपही अडीचने उतरतो, त्यामुळे त्यांचा निरागस दिसणारा १० हा खरे तर १५ असतो.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल स्वतः आम्ल नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, आणि त्याला तास लागतात. त्यामुळे लवकर आलेल्या माणसाची चिठ्ठी जवळजवळ साधी असू शकते, आणि अंधुक दिसते आहे म्हणणाऱ्याची चिठ्ठी पाहावी तर गॅप तीस-चाळीस. छाती धापा टाकून सामू वर धरून ठेवते, पण फॉर्मिक आम्ल डोळ्यांच्या नसेला जी इजा करते, तिला श्वासाने काहीच फरक पडत नाही. तिथे भरपाईचे कौतुक करत बसण्यात वेळ न घालवता यकृतातले रूपांतर रोखणारे औषध आणि डायलिसिस यांच्याकडे धावावे लागते. साधी दारूही ते रूपांतर रोखते, हा वैद्यकशास्त्रातला एक विचित्र योगायोग आहे.

नमुन्याबद्दल थोडे. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे खोलीतल्या हवेकडे झुकतात. सिरिंज उकाड्यात तशीच पडून राहिली तर पांढऱ्या पेशी आपले काम चालू ठेवतात, सामू उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो; लिफ्टसाठी खोळंबलेल्या वॉर्डबॉय मामांच्या हातातली सिरिंज नवा आजार निर्माण करू शकते. आणि ती चिठ्ठी उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असते, मुंबईच्या दमट हवेत काही महिन्यांत कोरी होते. आकडे केसपेपरवर शाईने उतरवावेत, सोबत नमुना घेतल्याची वेळ, श्वासांची गती आणि चालू असलेला प्राणवायू लिहावा.

अपेक्षेचा प्रश्न विचारण्याची सवय सर्वांत जास्त कसाला लागते ती गरोदर स्त्रीच्या बाबतीत. प्रोजेस्टेरॉनमुळे तिचा श्वास पहिल्या तिमाहीपासूनच वाढतो. कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास स्थिरावतो, मूत्रपिंडे बायकार्बोनेट २० पर्यंत उतरवतात आणि सामू ७.४४ राहतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या भरपाईत आजार कुठेच नाही, आणि चिठ्ठीवर मात्र दोन बाण असतात. आता आठव्या महिन्यात दम्याचा झटका येऊन एखादी बाई दाखल झाली आणि तिची चिठ्ठी सामू ७.३६, कार्बन डायऑक्साइड ३८, बायकार्बोनेट २१ अशी आली, तर यंत्र फक्त एकाच ठिकाणी, बायकार्बोनेटपुढे, बारीकसा बाण छापते. रेसिडेंट मला फोनवर म्हणतो, "मॅडम, गॅस ऑलमोस्ट नॉर्मल आहे." तिचा नेहमीचा आकडा ३० आहे आणि झटक्याच्या सुरुवातीला तो आणखी खाली गेलेला असणार, हे धरले तर अडतीस म्हणजे ती थकून खूप पुढे गेलेली आहे. गरोदरपणी छातीत प्राणवायूचा साठाही कमी असतो आणि श्वास थांबला की तो झपाट्याने संपतो. तेव्हा मी त्याला पुढचा गॅस पाठवण्यात वेळ न दवडता भूलतज्ज्ञांना आणि प्रसूती विभागाच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच वर बोलवायला सांगते, आणि मी पोहोचेपर्यंत तिच्या खाटेजवळून हलू नकोस, असे बजावते.